छायाचित्रयंत्र आणि शेजारधर्म

जे साधन एके काळी श्रीमंतांच्या दिवाणखान्यात कापडाखाली झाकून ठेवीत, ते आज बहुतेकांच्या खिशात येऊन बसले आहे. मोबाइल फोनबरोबर कॅमेरा, म्हणजेच छायाचित्रयंत्र, घरोघर आले. आणि दिवसाकाठी शंभर चित्रे काढणारा विद्यार्थीही आता विरळा राहिला नाही. परंतु साधन हाती येणे निराळे आणि ते वापरण्याचा विवेक अंगी येणे निराळे. लेखणी विकत घेतल्याने कोणी लेखक होत नाही. त्याचप्रमाणे यंत्राची कळ दाबता आली म्हणून कोणास पाहता आले असे होत नाही. आपल्या वस्तीतील लोकजीवन, तेथील सेवाकार्य आणि आसपासची सृष्टी या यंत्रातून कशी पाहावी, आणि ती पाहताना शेजाऱ्याविषयी आपले कर्तव्य कोणते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. उदाहरणे शक्य तेथे आपल्या विश्रांतवाडीचीच घेतली आहेत. कारण जे रोज डोळ्यांसमोर असते तेच पाहावयाचे आपण बहुधा विसरतो.

प्रथम यंत्राचे तत्त्व समजून घेऊ. बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन त्याच्या बुडाला बारीक खिळ्याने छिद्र पाडावे, उघड्या तोंडावर तेल लावलेला पातळ कागद ताणून बसवावा, आणि डोक्यावरून जाड चादर ओढून घेऊन छिद्राची बाजू उन्हातील एखाद्या झाडाकडे करावी. कागदावर ते झाड उलटे, शेंडा खाली व बुंधा वर, असे उमटलेले दिसेल. प्रकाश सरळ रेषेत जातो, या एका नियमाचा हा परिणाम होय. अकराव्या शतकातील अरब विद्वान इब्न अल्-हैथम याने या चमत्काराचा शास्त्रीय अभ्यास केला होता. परंतु उमटलेले चित्र कायम टिकवून धरण्याची विद्या साध्य होण्यास पुढे आठशे वर्षे लागली. फ्रान्स देशात नीएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास ती प्रथम साधली आणि १८३९ साली दागेर याची पद्धती जगजाहीर झाली. हल्लीच्या यंत्रात छिद्राच्या जागी भिंग आले आणि कागदाच्या जागी विजेवर चालणारी प्रकाशग्राही चकती आली. तत्त्व मात्र त्या पत्र्याच्या डब्याचेच राहिले आहे.

दागेरने १८३८ साली पॅरिसमधील एका हमरस्त्याचे चित्र घेतले. ते प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी लक्षपूर्वक पाहावे. रस्ता गजबजलेला असूनही चित्रात तो ओस पडल्यासारखा दिसतो. कारण असे की, त्या काळी चित्र उमटण्यास काही मिनिटे लागत, आणि तेवढ्या वेळात जे हलले ते उमटलेच नाही. घोडे, गाड्या, वाटसरू सारे नाहीसे झाले. एका कोपऱ्यात मात्र एक गृहस्थ बूट साफ करवून घेण्यासाठी पाय टेकून उभा होता; तो आणि त्याच्यापुढे वाकलेला बूट साफ करणारा यांच्या अंधुक आकृती तेवढ्या राहिल्या. छायाचित्रात सापडलेली पहिली माणसे ती हीच, असे मानतात. यावरून एक बोध घेण्यासारखा आहे. आपले यंत्र आता सेकंदाच्या शतांशात चित्र घेते, तरी आपल्या डोळ्यांतून अनेक माणसे अजूनही निसटतात. ती वेगामुळे निसटत नाहीत. आपण त्यांच्याकडे पाहतच नाही म्हणून निसटतात.

ही कला आपल्या प्रांती येण्यास उशीर लागला नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारखे विद्वान होते. त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी स्वतः यंत्र चालवून लोकांची चित्रे घेतली. म्हणजे आपल्या लोकांनी आपल्याच लोकांस भिंगातून पाहावे, ही गोष्ट महाराष्ट्रात पावणेदोनशे वर्षांइतकी जुनी होऊ घातली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एकाच यंत्राने किती भिन्न कार्ये होऊ शकतात याची दोन उदाहरणे इतिहासात आहेत. हूपर नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी हौशी छायाचित्रकार होता. १८७६-७८ च्या मद्रासकडील भयंकर दुष्काळात त्याने हाडांचे सापळे झालेल्या स्त्रीपुरुषांस ओळीने बसवून त्यांची चित्रे घेतली. पुढे १८८६ साली ब्रह्मदेशात मंडाले येथे कैद्यांस गोळ्या घालण्यात येत असताना नेमका तो क्षण टिपण्यासाठी त्याने यंत्र लावले. त्यावरून इंग्लंडातही संताप व्यक्त झाला आणि त्याची चौकशी झाली. त्याचे कौशल्य कमी नव्हते. समोरचा मनुष्य हा मनुष्य आहे, ही जाणीव मात्र त्याच्या चित्रात शोधावी लागते.

दुसरे उदाहरण एका शिक्षकाचे आहे. न्यूयॉर्क येथील एका शाळेत शिकविणारे लुईस हाईन हे १९०४ साली यंत्र घेऊन एलिस बेटावर गेले. परदेशांतून बोटींनी येणाऱ्या गरीब स्थलांतरितांविषयी आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात आदर उत्पन्न व्हावा, हा त्यात हेतू होता. १९०८ पासून त्यांनी बालमजुरीविरोधी समितीसाठी गिरण्या, खाणी आणि शेते यांत राबणाऱ्या मुलांची चित्रे घेतली. मालक आत येऊ देत नसत म्हणून कधी निराळे सोंग घ्यावे लागे. परंतु मुलांशी ते बोलत, त्यांची नावे व वये लिहून घेत, आणि स्वतःच्या जाकिटाच्या गुंड्यांवरून मुलाची उंची मापून ठेवीत. अमेरिकेत बालमजुरीस देशव्यापी कायद्याने आळा बसण्यास १९३८ साल उजाडले. पण लोकमत जागे करण्यात या चित्रांचा वाटा मोठा होता. हूपरने माणसांची चित्रे घेतली, हाईनने माणसांसाठी चित्रे घेतली. या दोन प्रत्ययांतील अंतर व्याकरणात लहान आणि आचरणात फार मोठे आहे.

आता आपल्या दारापाशी येऊ. ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे आळंदीहून प्रस्थान होते आणि दुसऱ्या दिवशी ती दिघी, विश्रांतवाडीवरून पुण्यात येते. पालखीच्या विसाव्यावरूनच विश्रांतवाडी हे नाव पडले, असे लोक सांगतात. त्या दिवशी आळंदी रस्त्यावर शेकडो यंत्रे उंचावलेली दिसतात, आणि सर्वांचे तोंड रथाकडे असते. रथाचे चित्र अवश्य घ्यावे. तथापि रस्त्याच्या कडेलाही जरा वळून पहावे. तेथे कोणी पाण्याचे पिंप भरून बसलेला असतो, कोणी राजगिऱ्याचे लाडू वाटीत असतो. चर्मकार बंधू वारकऱ्यांच्या तुटलेल्या वहाणा मोल न घेता शिवून देतात, नाभिक बंधू दाढी करून देतात, आणि कोठे तरुण मुले आजोबांच्या वयाच्या माणसांचे पाय तेलाने चोळीत असतात. पॅरिसच्या रस्त्यावरील ते जुने चित्र येथे आठवावे. तेथे वाकलेला मनुष्य पोटासाठी वाकला होता, येथे तो प्रेमाने वाकलेला आहे.

आणि पालखी पुढे गेल्यावर लगेच घरी जाऊ नये. रस्त्यावर कागदी पेले, केळीच्या साली आणि पत्रावळी यांचा खच पडलेला असतो, आणि तो उचलणारी माणसे तेव्हाच कामास लागतात. हे चित्र फारच थोडे लोक घेतात. पुण्यातील कचरावेचक भगिनींनी १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभारली. तिने सभासदांस छायाचित्र असलेली ओळखपत्रे दिली आणि पुढे महानगरपालिकेनेही ती मान्य केली. ज्या स्त्रीस रस्त्यावर कोणीही चोर म्हणून हटकावे, तिच्या हाती स्वतःचे चित्र असलेले ओळखपत्र आले, यापरते छायाचित्राचे सार्थक कोणते?

येथे वर्गात नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न घेतला पाहिजे. “सर, आधी परवानगी मागितली तर माणूस सावरून बसतो, मग चित्रात खरेपणा कसा राहील?” प्रश्न योग्य आहे. उत्तर असे की, गर्दीचे, मिरवणुकीचे चित्र घेण्यास प्रत्येकाची अनुमती मागणे शक्य नाही व आवश्यकही नाही. पण जेथे एकच मुखवटा चौकटीत भरून राहतो, तेथे मागणे हे कर्तव्य होय. मागितल्यावर पहिले चित्र ताठर येईल. मग दहा मिनिटे तेथेच बसावे, दोन शब्द बोलावे, त्यांचे काम पहावे. ते पुन्हा कामात गढून जातील आणि तुम्हास हवे ते मिळेल. चोरून घेतलेल्या चित्रात सहजता असेल. विश्वास दाखवून दिलेल्या चित्रात मनुष्य असतो. लहान मुलांचे चित्र घेताना त्यांच्या आईबापांस विचारावे. आणि ज्याचे चित्र घेतले त्यास त्याची एक प्रत नेऊन द्यावी.

सेवाकार्याच्या बाबतीत तर अधिक जपले पाहिजे. थंडीत ब्लँकेटे वाटताना, अन्न देताना, देणारा हसत यंत्राकडे पाहतो आणि घेणारा मान खाली घालतो, अशी चित्रे आपण पाहतो. २०२० च्या टाळेबंदीत हा प्रकार इतका बोकाळला की, राजस्थान सरकारने अन्नवाटपाच्या वेळी चित्रे काढण्यास मनाई केली. उपयोग होतो म्हणून अशी चित्रे हवीत, असे काही जण म्हणतील, आणि देणगीदारांस हिशेब दाखविणे हेही खरोखर कर्तव्यच आहे. परंतु तो हिशेब पोत्यांच्या राशींचे, चुलीवरील पातेल्यांचे, ओझी वाहणाऱ्या स्वयंसेवकांच्या हातांचे चित्र घेऊनही दाखविता येतो. भुकेल्या माणसास अन्नाची किंमत आपल्या चेहऱ्याने चुकवावयास लावणे हे दान नव्हे.

निसर्गाकडे वळले तरी हाच नियम लागू पडतो. विश्रांतवाडीपासून जवळच कळसच्या बाजूने मुळा नदी वाहते, आणि पुढे संगमानंतर येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्ष्यांचे ठिकाण आहे. हिवाळ्यात तेथे लडाख, तिबेट आणि त्यापलीकडून येणारे चक्रवाक, तसेच थापट्या बदके उतरतात. शेकाट्या लांब तांबड्या पायांनी चिखल तुडवीत असतो. दूरच्या भिंगाने पक्षी तेवढा चौकटीत घेतला तर चित्र सुरेख येते. पण शेजारची जलपर्णी, फेस आणि प्लास्टिकच्या पिशव्या चौकटीबाहेर राहतात. म्हणून पक्ष्याचे एक चित्र घेतल्यावर नदीचेही एक घ्यावे. चौकट जे दाखविते ते खरे असूनही, जे वगळते त्यामुळे ती खोटे बोलू शकते.

उन्हाळ्यात मोकळ्या माळावर टिटवी जमिनीवरच खड्यांत अंडी घालते. आपण चित्राच्या लोभाने जवळ उभे राहिलो की ती उठून दूर ओरडत राहते, आणि तेवढ्या वेळात उघडी पडलेली अंडी उन्हाने तापतात. घरट्याचे चित्र न मिळाले तरी चालेल, पण पिल्लू वाचले पाहिजे.

झाडांच्या बाबतीत मात्र यंत्र मोठी सेवा करू शकते. आपल्या रस्त्यावरील एक वड, बहावा किंवा पांगारा निवडून, एकाच जागी उभे राहून, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस त्याचे चित्र घ्यावे व वहीत तारीख लिहावी. पालवी केव्हा फुटली, फुले केव्हा आली, हे पाच वर्षांनी ताडून पाहता येईल. महाराष्ट्रात १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरातील झाड तोडण्यास परवानगी लागते आणि नागरिकांस हरकत घेता येते. तेव्हा तारीखवार चित्रे असलेली विद्यार्थ्याची वही पुराव्यासारखी उपयोगी पडेल. त्याचप्रमाणे २०२० व २०२१ साली पायी वारी झाली नाही, पादुका एस.टी.च्या गाडीने पंढरीस गेल्या. २०२२ साली पालखी पुन्हा पायी निघाली. त्या काळी ज्याने आळंदी रस्त्याचे चित्र एकाच जागेवरून तिन्ही वर्षी घेऊन ठेवले असेल, त्याच्यापाशी इतिहासाचे एक पान आहे.

सारांश, छायाचित्रयंत्र हे घेणारे यंत्र आहे. ते प्रकाश घेते, रूप घेते, दुसऱ्याच्या आयुष्यातील एक क्षण घेते. जो घेतो त्याने परत काही देणे हाच शेजारधर्म होय. कधी ती छापील प्रत असेल, कधी झाडाच्या बाजूने दिलेली साक्ष असेल, आणि कधी यंत्र खिशात ठेवून पाण्याचे पिंप उचलण्यास लावलेला हातही असेल.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. वर सांगितल्याप्रमाणे डब्याचे यंत्र तयार करून उलटे चित्र का दिसते ते आकृती काढून स्पष्ट करा.

२. तुमच्या रस्त्यावर रोज काम करणाऱ्या, परंतु जिचे नाव तुम्हास ठाऊक नाही अशा एका व्यक्तीस भेटा. प्रथम नाव विचारा, मग अनुमती; चित्र त्यानंतर घ्या आणि प्रत नेऊन द्या.

३. एका सेवाकार्याचे वर्णन, घेणाऱ्याचा चेहरा न दाखविता, पाच चित्रांत करा.

४. एक झाड निवडून वर्षभराची चित्रवही ठेवा. पुढील वर्षी ती खालच्या इयत्तेतील एखाद्या विद्यार्थ्याच्या स्वाधीन करा, म्हणजे काम खंडित होणार नाही.