दिवसाची वीज आणि स्वच्छ ऊर्जेचा प्रचार

हवामानबदलाविषयीचे प्रचारसाहित्य आज विपुल प्रमाणात उपलब्ध आहे. वितळणारे हिमनग, भेगाळलेली भूमी, धूर ओकणारी धुराडी यांची चित्रे असलेली भित्तिपत्रके ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागतात आणि पहिल्या पावसात गळून पडतात. त्यांतील माहिती खोटी नसते. परंतु ज्या शेतकऱ्यास ऐन थंडीत मध्यरात्री मोटार सुरू करण्यासाठी रानात जावे लागते, त्याच्या प्रश्नाशी तिचा सांधा जुळत नाही. हा सांधा कोठे जुळतो, हे महाराष्ट्रातील कृषिपंपांच्या विजेच्या उदाहरणावरून चांगले समजू शकते.

राज्यात कृषिपंपांचे ४५ लाखांहून अधिक वीजग्राहक आहेत. त्यांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने, म्हणजे काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, देण्याची प्रथा अनेक वर्षे चालत आली. काही काळ ही पाळी दिवसा आठ तास व रात्री दहा तास अशी होती. यामागील कारण तांत्रिक होते. दिवसा कारखाने, कार्यालये व शहरे यांची मागणी मोठी असते; मध्यरात्रीनंतर ती ओसरते. औष्णिक वीजकेंद्रातील संच मात्र रोज रात्री बंद करून सकाळी पुन्हा सुरू करणे परवडत नाही. तेव्हा रात्रीची शिल्लक वीज पाणी उपसण्यासाठी द्यावी, असा हिशेब मांडला गेला. हिशेब कागदावर बरोबर होता. त्याची किंमत अंधारात बांधावरून चालणाऱ्या माणसाने दिली. सर्पदंश, ओल्या जमिनीवर विजेचा धक्का, उसाच्या पट्ट्यात बिबट्याची भीती, आणि झोप अनावर झाल्यामुळे पाटाबाहेर वाहून गेलेले पाणी, हे सारे त्या किमतीतच मोडते.

मागणी कोणाची?

२०२२ च्या फेब्रुवारीत शेतीला दिवसा दहा तास वीज मिळावी, या मागणीसाठी कोल्हापुरात शेतकऱ्यांनी धरणे धरले होते. कर्बवायूचे उत्सर्जन कमी करावे, अशी त्यांची मागणी नव्हती. परंतु राज्यातील एकूण वीजवापरात शेतीचा वाटा लहान नाही, आणि कोळशावर चालणाऱ्या केंद्रात एक युनिट वीज तयार होताना सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. ही वीज सूर्यप्रकाशापासून मिळाली तर ती आपोआपच दिवसा मिळणार. म्हणजे स्वच्छ ऊर्जेची फार मोठी चळवळ, ते नाव न घेता, शेतकऱ्यांनीच उभी केली होती. प्रचारकार्य करणाऱ्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी ही तिची आरंभीची ठिकाणे होत. २०२३ मध्ये योजनेचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आला आणि २०२४ मध्ये वैजापूर तालुक्यातील धोंदलगाव येथील तीन मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. योजनेची रचना साधी आहे. गावाजवळच्या वीज उपकेंद्रापासून काही किलोमीटरच्या आत सौर प्रकल्प उभारावयाचा, त्याची वीज त्याच उपकेंद्रात आणावयाची आणि तेथून शेतीसाठी स्वतंत्र केलेल्या वाहिनीवर सोडावयाची. शेतकऱ्यास मोटार बदलावी लागत नाही की स्वतःच्या रानात पटले उभारावी लागत नाहीत. खाजगी जमीन भाड्याने दिल्यास हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे मिळते व त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ होते. एका मेगावॉटला साधारणतः चार ते पाच एकर जमीन लागते.

पावसाळ्यात आभाळ भरून आले तर काय, ही शंका गावोगावी विचारली जाते, आणि ती रास्त आहे. ढगाळ दिवशी सौर वीज निश्चितच घटते. तथापि, अशा दिवशी पिकाला उपशाच्या पाण्याची गरजही थोडीच असते. पावसाने दोन-तीन आठवडे ओढ दिली की मोटारीची खरी निकड भासते. आणि त्या दिवसांत आकाश बहुधा निरभ्र असते. पावसाच्या अनियमिततेमुळे असे खंड पिकाच्या मुळावर येतात, हे लक्षात घेता दोहोंचे वेळापत्रक जुळणे ही मोठीच सोय आहे.

दुष्काळी भागात आणखी एक बाब सांगता येते. औष्णिक केंद्राला कोळशाइतकेच पाणीही लागते. २०१५ मध्ये परळी येथील औष्णिक केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. मराठवाड्यातील श्रोत्याला हे उदाहरण हिमनगापेक्षा अधिक लवकर पटते.

शंकेला उत्तर द्यावे लागते

या शतकाच्या आरंभी, अवर्षणाच्या वर्षांत, सातारा, सांगली व धुळे या भागांत पवनचक्क्यांविषयी एक समज पसरला होता. ही पाती ढग पळवून लावतात, म्हणून पाऊस पडत नाही, असे लोक म्हणू लागले. या समजाला हसणे सोपे होते. पण ज्याच्या डोळ्यांदेखत डोंगरावर प्रचंड यंत्रे उभी राहिली आणि पाठोपाठ पाऊस हटला, त्याने दोहोंचा संबंध जोडला यात नवल नाही. मोसमी वारे हजारो मीटर उंचीपर्यंत वाहतात, पाती त्यांच्या तळाच्या एका पातळ थरालाच स्पर्श करतात, आणि माण-खटाव-आटपाडीचा पट्टा पवनचक्क्या येण्यापूर्वीपासून सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे, हे यंत्रे उभी करण्याआधीच सांगितले गेले असते तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते. त्यातच, जमीन आपली, वारा आपला आणि वीज मात्र दुसरीकडे, ही सलही त्या समजाच्या मुळाशी असावी, असे वाटते.

सौर प्रकल्पांबाबत तशी सल गायरानाच्या निमित्ताने निर्माण होऊ शकते. शासकीय नोंदीत पडीक दिसणारी जमीन मेंढपाळाच्या दृष्टीने पडीक नसते. काही गावांनी गायरान देण्यास विरोध केला आहे. त्याला विकासविरोध असे नाव देऊन मोकळे होणे योग्य नाही. चराईची पर्यायी जागा कोणती, हे ग्रामसभेत नकाशा पुढे ठेवून ठरवावयास हवे.

दुसरा प्रश्न भूजलाचा. रात्रीचा त्रास हा उपशावर एक प्रकारचा लगामही होता. दिवसा भरवशाची वीज मिळाल्यावर विहिरी लवकर तळ गाठणार नाहीत, याची हमी कोणतीही पटले देत नाहीत. हिवरे बाजार येथे गावातील पाण्याचा ताळेबंद दरवर्षी ग्रामसभेत मांडला जातो, त्यावरून पिके ठरतात, आणि शेतीसाठी विंधणविहिरी घेण्यास मनाई आहे. ज्या गावाच्या वाहिनीवर सौर वीज येणार आहे, तेथे वीज येण्याच्या आधीच्या पावसाळ्याअखेरीस विहिरींची पातळी मोजून असा ताळेबंद मांडता येईल. त्यासाठी लागतो तो एक दोर, एक मोजपट्टी आणि नोंदवही.