सरड्याची शुश्रूषा

आमचे रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील एक जुने गाव. राजमठावरून शेताच्या वाटेला लागले, की संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. मी सहावीत होतो, तेव्हाची ही गोष्ट. माघाचे दिवस होते. संत्र्यांना आंबिया बहाराची पांढरी फुले आली होती आणि त्यांच्या सुवासाने सारी वाट भरून गेली होती. पहाटेची थंडी मात्र अजून ओसरली नव्हती.

एके दिवशी सकाळी बागेच्या कुंपणाजवळ तीनचार मुले दगड भिरकावताना मला दिसली. जवळ जाऊन पाहतो, तो एका काटकीला सरडा चिकटून बसला होता. एरवी नुसती चाहूल लागली, तरी सुरकन नाहीसा होणारा हा प्राणी. पण त्या गारठ्यात त्याला हलताही येत नव्हते. इतक्यात एक दगड त्याच्या मागच्या पायाला लागला व तो खाली पडला. “सरडा माणसाचे रक्त पितो. त्याला मारलाच पाहिजे,” एक मुलगा म्हणाला. मी काही न बोलता सरड्याला रुमालात उचलले आणि घराकडे धूम ठोकली.

घरी एक लाकडी खोके होते. त्यात मी मऊ कापूस पसरला, त्यावर सरड्याला ठेवले आणि वरून जुन्या तसबिरीची काच झाकली. वाटीत दूध ठेवले. भाकरीचा कुस्करा ठेवला. त्याला वारा लागू नये, म्हणून खोके माजघराच्या कोपऱ्यात सरकवले. यापूर्वी मी कोणताही प्राणी पाळला नव्हता. पण कोकराला किंवा मांजरीच्या पिलाला जे हवे असते, तेच सरड्यालाही हवे असणार, असे मला वाटले.

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. दुधावर साय धरली. भाकरी वाळून गेली. सरड्याने कशालाच तोंड लावले नाही. त्याचे अंग काळपट पडले, डोळे खोल गेले. हाताने हलवले, तरी तो निपचित पडून राही. मी घाबरलो. त्याला दगडांपासून मी वाचवले होते खरे. परंतु आता तो माझ्याच घरात, माझ्याच डोळ्यांदेखत मरणार की काय, या विचाराने मला रडू कोसळले.

बाबांनी मला खोक्यासह पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सरडा अलगद हातात घेतला, त्याचा पाय चाचपून पाहिला आणि विचारले, “बाळ, याला ऊन कधी दाखवलेस?”

“नाही, डॉक्टरसाहेब,” मी म्हणालो, “आजारी आहे, म्हणून त्याला घरातच जपून ठेवले.”

डॉक्टर हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, “याच्या पायाचे हाड मोडलेले नाही, फक्त कातडी सोलली आहे. याचा खरा आजार निराळा आहे. आपण अन्न खातो, त्यापासून आपल्या शरीरात ऊब निर्माण होते. सरड्याचे तसे नाही. तो थंड रक्ताचा प्राणी. ऊब त्याला बाहेरून, म्हणजे उन्हापासून घ्यावी लागते. अंग तापले, की तो धावतो, भक्ष्य पकडतो आणि खाल्लेले पचवतो. अंग गार राहिले, तर पोटात गेलेले अन्नही पचत नाही. थंडीत त्याचा रंग काळपट होतो, तोदेखील अधिक ऊन शोषून घेता यावे म्हणून. तू त्याला अंधारात ठेवलेस. मग त्याने खावे तरी कसे?”

“मग ही काच लावलेली पेटी उन्हात ठेवू काय?” मी विचारले.

“तसे मुळीच करू नकोस,” डॉक्टर घाईने म्हणाले. “बंद काचेच्या पेटीतील हवा उन्हात भराभर तापते. सावलीला जाण्याची वाट नसेल, तर सरडा थोड्याच वेळात मरेल. शिवाय उन्हातील अतिनील किरणांमुळे त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते व त्यायोगे हाडांना बळकटी येते. साधी काच यांतील उपयोगी किरण बहुतेक अडवून धरते. म्हणून त्याला मोकळे ऊन हवे आणि जवळच सावलीही हवी. कुठे बसावे, हे त्याचे त्याला कळते.”

दूध आणि भाकरी हे सरड्याचे अन्नच नव्हे, हेही मला त्या दिवशी समजले. तो मुंग्या, नाकतोडे, सुरवंट असे जिवंत किडे खातो. त्यामुळे शेतालाही त्याचा उपयोग होतो. वाटीतील स्थिर पाणी पुष्कळदा त्याच्या ध्यानातही येत नाही. पानांवरचे दवाचे थेंब तो चाटतो. रक्त पिण्याची गोष्ट तर निव्वळ खुळी समजूत आहे. विणीच्या काळात नराचे डोके व गळा लालभडक होतो, त्यावरून ती पसरली असावी.

डॉक्टरांनी जखम धुऊन मलम लावले. सरडा हा रानचा जीव असल्याने त्यांनी वनविभागाच्या कर्मचाऱ्यांना कळवले. त्यांच्या संमतीने, पाय बरा होईपर्यंतच, सरडा आमच्याकडे ठेवण्याचे ठरले. “त्याला वारंवार हाताळू नकोस, तोंडात बळेच काही कोंबू नकोस आणि पिंजऱ्याला हात लावल्यावर साबणाने हात धूत जा,” असे डॉक्टरांनी मला बजावले.

आम्ही अंगणात बारीक जाळीचा पिंजरा ठेवला. त्याच्या अर्ध्या भागावर ओले पोते टाकून सावली केली व आत एक वाळकी फांदी तिरपी उभी केली. सकाळ-संध्याकाळ मी लिंबाच्या डहाळीवर पाणी शिंपडत असे. रात्री थंडी पडे, म्हणून पिंजरा घरात घेत असे. पहिले दोन दिवस काहीच घडले नाही. तिसऱ्या दिवशी ऊन अंगावर येताच सरड्याने मान उचलली आणि पानावरचा एक थेंब चाटला. तो एक थेंब पाहून मला झालेला आनंद मी आजही विसरलो नाही. पाचव्या दिवशी त्याने एक नाकतोडा गट्ट केला. दहा-बारा दिवसांत त्याची जखम भरली, अंगावर पिवळसर तजेला आला आणि तो फांदीच्या टोकावर बसून मान वरखाली करू लागला.

आता त्याला सोडायचे होते. पण माझे मन होईना. “आणखी आठ दिवस राहू दे,” असे मी रोज म्हणे. आजी हे सारे पाहत होती. एके संध्याकाळी ती म्हणाली, “अरे बाबू, ज्याले तू वाचवलं, त्याले आता तूच डांबून ठेवतं काय?”

मग तिने मला ‘लीळाचरित्रा’तील एक लीळा सांगितली. शिकाऱ्यांच्या तावडीतून सुटलेला एक ससा धावत येऊन श्रीचक्रधरस्वामींच्या गुडघ्याखाली लपला. शिकाऱ्यांनी तो मागितला. पण आश्रयाला आलेल्या जिवाला स्वामींनी मरणाच्या हाती दिले नाही. त्यांनी शिकाऱ्यांची समजूत घातली आणि ते निघून गेल्यावर सशाला जाऊ दिले. म्हाइंभटांनी हा ग्रंथ इ. स. 1278 च्या सुमारास आमच्याच रिद्धपुरात सिद्ध केला. गोष्ट संपवून आजी म्हणाली, “सशाले आसरा देल्ला, पण बांधून नाही ठेवलं.”

दुसऱ्या दिवशी ऊन चांगले तापल्यावर मी पिंजरा बागेत नेला व कुंपणाजवळ त्याचे दार उघडले. सरडा क्षणभर उंबऱ्यावर थांबला. मग झपकन काटकीवर चढला आणि पानांच्या रंगात मिसळून गेला. ‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण हिणवण्यासाठी वापरतो. पण त्या दिवशी मला वाटले, की ऊन, सावली, दव आणि किडे हे त्याला हवे ते सारे त्या कुंपणातच होते. माझ्या पेटीत त्यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

शब्दार्थ
शुश्रूषा – आजाऱ्याची सेवा. निपचित – हालचाल न करता. भक्ष्य – खाण्यासाठी पकडलेला जीव. अतिनील किरण – सूर्यप्रकाशातील, डोळ्यांना न दिसणारे एक प्रकारचे किरण. वीण – पिलांना जन्म देण्याचा काळ. सिद्ध करणे – तयार करणे.

स्वाध्याय
1. लेखकाने सरड्यासाठी प्रथम कोणती व्यवस्था केली? तीत कोणकोणत्या चुका होत्या?
2. सरड्याला उन्हाची गरज का असते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. काचेची बंद पेटी उन्हात ठेवण्यास डॉक्टरांनी मनाई का केली?
4. आजीने सशाची गोष्ट कोणत्या हेतूने सांगितली?
5. वाक्यात उपयोग करा : धूम ठोकणे, रडू कोसळणे, मन न होणे, समजूत घालणे.
6. वन्य जीवांच्या रक्षणासाठी आपल्या देशात 1972 साली कायदा करण्यात आला. त्यानुसार घोरपड पकडणे व बाळगणे हा गुन्हा आहे. जखमी वन्य प्राणी आढळल्यास काय करावे, याविषयी आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.