कालच्या आपल्याशी शर्यत

मंडळी, आज आपण एका धावणाऱ्या कारकुनाची गोष्ट वाचू.

मॅरेथॉन नावाची एक लांब पल्ल्याची शर्यत असते. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. जुन्या मापाने तेरा कोस म्हणा. एवढे अंतर एका दमात पळायचे!

जपान देशात युकी कावाउची नावाचा एक गडी आहे. जन्म १९८७ सालचा. त्याला लहानपणापासून पळायची हौस. पण हायस्कुलात असताना सारख्या दुखापती झाल्या. जपानात मोठ्या कंपन्या चांगल्या धावपटूंना पगार देऊन ठेवतात. त्यांना शिकवायला गुरूही असतो. युकी तिथे गेला नाही. मग तो सैतामा प्रांतात सरकारी नोकरीला लागला. एका शाळेच्या कचेरीत कारकून झाला. सकाळी पळायचे, दुपारी कामावर जायचे, रात्री घरी यायचे. शिकवायला कोणी नाही. सुट्टीच्या दिवशी कुठे शर्यत असली, की तिथे जाऊन पळायचे. हीच त्याची तालीम.

आता त्याचा हिशेब पाहा. मॅरेथॉनला त्याला किती वेळ लागला?

२००९ साली – २ तास १९ मिनिटे २६ सेकंद. ही त्याची पहिली मॅरेथॉन. तेव्हा तो कॉलेजात होता.
२०१० साली – २ तास १२ मिनिटे ३६ सेकंद.
२०११ साली – २ तास ८ मिनिटे ३७ सेकंद.
२०१३ साली – २ तास ८ मिनिटे १४ सेकंद.
२०२१ साली – २ तास ७ मिनिटे २७ सेकंद.

पहिल्या वर्षी जवळजवळ सात मिनिटे वाचली. दुसऱ्या वर्षी चार. पुढे दोन वर्षांत फक्त २३ सेकंद. आणि त्यानंतर? ४७ सेकंद कमी करायला आठ वर्षे लागली! ४७ सेकंद म्हणजे चूळ भरून तोंड पुसण्याइतका वेळ.

मधली वर्षे सोपी नव्हती. २०१२ साली टोकियोच्या शर्यतीत तो चौदावा आला. लाज वाटून त्याने डोके भादरून घेतले. पण पळणे सोडले नाही. २०१८ साली अमेरिकेत बोस्टन गावी शर्यत होती. त्या दिवशी गार वारा आणि धो धो पाऊस. भले भले धावपटू अर्ध्या वाटेत थांबले. युकी थांबला नाही. तो पहिला आला! तेव्हाही तो कारकूनच होता. २०१९ साली त्याने नोकरी सोडली आणि पळणे हाच धंदा केला.

ही गोष्ट सांगताना आम्हांला आमची एक चूक आठवते. शाळेत असताना आम्ही मागे पडलेल्या पोराला म्हणायचो, "त्या अमक्याचं अक्षर बघ, आणि तुझं बघ!" आम्हांला वाटे, पोर ईर्ष्येने शिकेल. पण पोर हिरमुसायचं. एक मुलगा तर शाळेत यायचाच बंद झाला. त्याचे अक्षर आधीपेक्षा सुधारले होते. ते आम्ही पाहिलेच नाही.

परवा रात्रीच्या वर्गात एक बाई म्हणाल्या, "गुरुजी, अक्षरं महिन्यात आली. पण जोडाक्षरं काही केल्या येईनात. आता पुरे झालं शिकणं." आम्ही त्यांना शेजारणीची वही दाखवली नाही. त्यांचीच पहिली वही काढून दिली. त्यात उभी रेघसुद्धा वाकडी होती. बाईंनी ती पाहिली, हसल्या आणि पाटी पुढे ओढली.

बरे का मंडळी, कोणतेही काम शिकताना सुरुवातीला पुढे गेलेले दिसते. मग दिसेनासे होते. नेमके तेव्हाच माणूस काम सोडतो. म्हणून हिशेब लिहून ठेवावा. लिहिलेले असले, म्हणजे थोडीशी वाढही डोळ्यांना दिसते.

आज वहीत तारीख घाला. आपले नाव आणि गावाचे नाव लिहा. महिन्याने तेच पुन्हा लिहा. मग दोन्ही पाने शेजारी ठेवून पाहा.