पुढचं ओझं, मागचे चिरे

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं आणि बागेतली चौदा कलमं आडवी झाली. परड्यातला जुना रायवळ तर मुळासकट उपटला. पाठोपाठ पाऊस लागला. गावातला प्रत्येक माणूस स्वतःचं छप्पर शाकारण्यात गुंतलेला, तिथे दुसऱ्याचे ओंडके कोण वाहणार? एरवी आगोटीआधी पडवीत रचून ठेवायचा लाकूडफाटा त्या वर्षी पाऊसभर बागेतच भिजत पडला.

दिवाळीनंतर जेसीबी बोलावला. त्याने काम अर्ध्या दिवसात उरकलं, पण आमची पाणंद सात फुटांची आणि यंत्र त्याहून रुंद. दोन्ही बाजूंचा गडगा पाडूनच ते आत शिरलं. तो गडगा परत रचायला जे पैसे गेले, त्यात पुढच्या दोन पावसाळ्यांची लाकडं माणसं लावून आली असती. तेव्हाच मनात घेतलं, की आपलं स्वतःचं छोटं यंत्र हवं.

घाटावर एका विक्रेत्याकडे जुना मिनी ट्रॅक्टर मिळाला. पुढे फॅब्रिकेटरने बसवलेला लोडर. सिमेंटच्या सपाट आवारात त्याने वाळूने भरलेली बादली डोक्याच्या वर उचलून दाखवली. "पाचशे किलो आरामात, दादा." मी मान डोलावली. उचलल्यावर यंत्र कसं उभं राहतं, कसं चालतं, उतारावर कसं थांबतं, यातलं काहीच विचारलं नाही.

त्यानंतरच्या मे महिन्यात वरच्या टप्प्यावरून ओंडके खाली आणत होतो. वळवाची एक सर येऊन गेली होती, पातेरा ओला होता. बादलीत दोन ओंडके. गडी म्हणाला, "भाऊ, मागनं हलका वाटतोय." मी म्हटलं, एवढी एकच खेप. उतार लागला, ब्रेक दाबला, मागची चाकं थांबली आणि ट्रॅक्टर मात्र चालतच राहिला. वीसेक फूट घसरत गेला, चिकूशी तिरका झाला आणि गडग्यावर कलंडला. मी उडी मारली ती डोंगराच्या बाजूला पडली. त्यात माझं कौशल्य काही नाही, नशीब. डाव्या मनगटाचं हाड मोडलं.

प्लास्टर घालून बसलो असताना शांतपणे विचार केला तेव्हा कारण कळलं. बहुतेक ट्रॅक्टरचे ब्रेक मागच्या चाकांना असतात. पुढे ओझं उचललं की पुढचा आस टेकू होतो आणि मागची बाजू तागडीसारखी वर येऊ पाहते. चाकावर वजन नाही तर ब्रेक धरणार कशाला? दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पुढचा आस मधोमध एका खिळीवर झुलता बसवलेला असतो. म्हणजे ट्रॅक्टर दिसतो चार चाकांवर, पण तोल सांभाळतो तिवईसारखा: मागची दोन चाकं आणि पुढची ती खीळ. ओझं जितकं पुढे आणि वर, तितका तोल तिवईच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो आणि यंत्र आडवं व्हायला एखादा दगडही पुरतो.

म्हणून पहिलं सांगणं: यंत्र बघायला जाण्याआधी आपलं लाकूड तोला. काट्याची गरज नाही. ओलं लाकूड पाण्याइतकंच जड धरा, म्हणजे घनफुटाला 28 किलो. दीड फूट व्यासाचा, सहा फूट लांबीचा ओंडका जवळपास साडेदहा घनफूट भरतो. झाले 300 किलो. मी बादलीत असे दोन घातले होते! शिवाय विक्रेता सांगतो तो आकडा बहुधा लोडरच्या हातांच्या टोकाशी, जिथे बादली जोडतात तिथला असतो. ओंडका त्याच्याही पुढे असतो, तिथे हातांची ताकद आणखी कमी पडते. सांगितलेल्या आकड्याच्या निम्मं आपलं समजा.

मागचं वजन हे यंत्राचाच भाग समजून विकत घ्या किंवा करून घ्या. मागच्या तीन टोकांच्या जोडणीला लोखंडी पेटी टांगायची आणि तीत वजन भरायचं. चार चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर परवडत असेल तर तोच घ्या. उतारावर ती ओढ लावून ठेवली की इंजिनाची धर पुढच्या चाकांनाही मिळते. पॉवर स्टिअरिंग नसेल तर लोडरचा विचारच सोडा. पुढे-मागे बदलायची दांडी हाताशी आहे का बघा, कारण लोडरचं निम्मं काम रिव्हर्समध्ये होतं आणि क्लच प्लेट त्यातच जाते. चालकाच्या मागे संरक्षक कमान आणि पट्टा हवाच. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

बादली लाकडासाठी नव्हेच. गोल ओंडका वर नेला की हातांवरून घरंगळत थेट चालकाच्या मांडीवर येऊ शकतो. लाकडाला काटे किंवा वरून पकडणारा पंजा लागतो. बादली शेणखत, वाळू, पातेरा यांना छान.

कुणी बॉबकॅट सुचवेल. सिमेंटच्या आवारात त्याच्यासारखं यंत्र नाही. पण ते चाकं फरपटवून वळतं. कलमांखाली वरवर पसरलेली मुळं सोलून निघतात आणि पावसाळ्यात बागेचा चिखल होतो.

आणि चालवताना ओझं जमिनीपासून वीतभरच वर ठेवा. भरलेला लोडर उतारावरून रिव्हर्समध्ये उतरवा, जड बाजू नेहमी चढाकडे. उतारावर आडवं जाऊ नका, भले फेरा पडला तरी. मोठा बुंधा उचलूच नका, मागच्या खालच्या हुकाला साखळीने बांधून ओढा. साखळी वरच्या दांडीला बांधलीत तर ट्रॅक्टर घोड्यासारखा पुढून उभा राहील.

खरं सांगायचं तर आमची निम्म्याहून जास्त लाकडं आता लोडरवर येतच नाहीत. गडी जागेवरच दोन-दोन फुटांचे तुकडे करतो आणि ते मागच्या ट्रॉलीतून बेड्यापर्यंत येतात. लोडर खतासाठी आणि गडग्याच्या चिऱ्यांसाठी. तो लावलेला असेल तेव्हा मागे पेटी असतेच. तीत बारा जांभे चिरे आहेत, प्रत्येकी तीसेक किलोचे, त्याच पडलेल्या गडग्यातले.