गाडीच्या चाकांचा तोल

पाऊस ओसरून मालाची ने-आण वाढली म्हणजे मोटारगाडी बाळगणाऱ्या आमच्या शेतकरी बंधूंच्या तोंडून एक तक्रार हटकून ऐकू येते. गाडी गावच्या रस्त्यावर निमूट चालते. पण हमरस्त्यास लागून वेग ताशी ७० किलोमीटरच्या वर गेला की स्टिअरिंग हातात थरथरू लागते. अशा वेळी कित्येक जण ‘गाडी जुनी झाली’ असे म्हणून स्वस्थ बसतात, अथवा मिस्तरी सांगेल तो भाग बदलीत सुटतात. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे होत. या थरथरीचे मूळ बहुधा चाकांच्या तोलात असते. ते कसे ओळखावे व कसे दूर करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम आमच्या घरचेच उदाहरण देतो. आमच्या पुतण्याची पिकअप गाडी टोमॅटो घेऊन जुन्नर तालुक्यातून वाशीच्या बाजारास जाते. एका पावसाळ्याच्या अखेरीस ती थरथरू लागली. दुरुस्तीस नेली असता मिस्तरीने पुढचे शॉकअब्सॉर्बर बदलले; पुढल्या खेपेस स्टिअरिंगचे सांधे बदलले. हजारो रुपये गेले, थरथर मात्र कायम! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा तो प्रकार झाला. शेवटी चाके उतरवून पाहिली, तेव्हा पुढच्या डाव्या डिस्कच्या आतल्या अंगास काळ्या मातीचा वाळून दगड झालेला थर आढळला. शिवाय कडेस पूर्वी लाविलेले वजन गळून पडल्याची खूणही दिसली. माती खरवडून चाके तोलून घेताच गाडी पूर्ववत चालू लागली. खर्च काय तो काही शे रुपये. आमचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनीत गेला. पंचनामा झाल्यावाचून निकाल देऊ नये, हे तेथे आम्ही रोज पाहिले. परंतु घरच्या गाडीच्या वेळी नेमके तेच विसरलो.

आता कारण पाहू. कोणतेही टायर सर्व बाजूंनी अगदी सारख्या वजनाचे नसते. कोठे रबर किंचित जाड, कोठे ठिगळाचा भार, कोठे चिकटलेला चिखल. चाक फिरू लागले म्हणजे, गोफणीतला धोंडा जसा हातास ओढ देतो, तसा हा जड भाग चाकास बाहेर ओढतो. वेग दुप्पट झाला की ही ओढ चौपट होते. हिशेबच करून पाहा. टायरसह चाकाची त्रिज्या ३२ सेंटिमीटर धरली, आणि मध्यापासून २० सेंटिमीटरवर अवघे ५० ग्रॅम वजन जास्त आहे असे मानले, तर ताशी ८० किलोमीटर वेगाला ते चाक सेकंदास सुमारे ११ फेरे घेते, व ते ५० ग्रॅम चाकास सुमारे ५ किलोच्या जोराने ओढतात. ताशी ४० किलोमीटरला हाच जोर सव्वा किलोच्या आसपास राहतो. गावच्या रस्त्यावर दोष का कळत नाही, याचा उलगडा यात आहे. बैलगाडीच्या चाकाचा तोल कोणी पाहत नाही, याचेही कारण हेच.

तोल दोन रीतींनी बिघडतो. जड भाग चाकाच्या रुंदीच्या मध्यावर असला तर चाक वरखाली उसळते. तो आतल्या किंवा बाहेरच्या कडेस असला तर चाक डोलते व स्टिअरिंग हलते. म्हणून कीर्दीत जशा जमा व खर्च या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात, तशा चाकाच्या आतील व बाहेरील अशा दोन्ही बाजू जुळल्या पाहिजेत.

मिस्तरीकडे जाण्यापूर्वी मालकाने स्वतः पंचनामा करावा, तो येणेप्रमाणे :

(१) थरथर ठराविक वेगास सुरू होत असेल, तर दोष बहुधा तोलाचा आहे.

(२) स्टिअरिंग थरथरल्यास पुढची चाके पाहावी. आसन व पायाखालचा पत्रा थरथरल्यास मागची.

(३) फक्त ब्रेक दाबतानाच थरथर होत असेल, तर ब्रेकची चकती अथवा ड्रम तपासावा.

(४) गाडी एका बाजूस ओढत असेल व टायर एकाच कडेने झिजत असेल, तर ते काम अलाइनमेंटचे, तोलाचे नव्हे.

(५) मंद वेगातही गाडी डुलत असेल, तर नट ढिले, डिस्क वाकलेली अथवा टायर फुगलेले असण्याचा संभव आहे. अशी गाडी पुढे दामटू नये.

तोल करविताना आपण जवळ उभे राहावे. चाक आतून-बाहेरून धुऊन घ्यावे, नक्षीत अडकलेले खडे काढावे, जुनी वजने काढून टाकावी व हवा नेमून दिल्याप्रमाणे भरावी. मग चाक यंत्राच्या दांड्यावर बरोबर मध्यावर बसवितात. यंत्र ते फिरवून आत किती व बाहेर किती ग्रॅम लावावे, ते दाखविते. लोखंडी डिस्कच्या कडेवर वजन ठोकून बसवितात. अलॉय डिस्कला आतून चिकटवितात. वजन लाविल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्ही बाजूंस शून्य आल्याचे डोळ्यांनी पाहावे. ही शेवटची फेरी पुष्कळ ठिकाणी गाळतात. यंत्राने फार वजन मागितले, तर टायर डिस्कवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा तपासावे. चाक गाडीस लाविताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे, व ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा पाहावे.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. फुगवटा आलेले टायर वजन लावून सुधारत नाही. त्याच्या आतील धागे तुटलेले असतात व भरल्या गाडीखाली ते केव्हा फुटेल याचा नेम नसतो. घाटात असा प्रसंग आल्यास टायरच्या किमतीचा विचार करण्यास अवसरही मिळणार नाही. असे टायर टाकूनच द्यावे.

नवे टायर घातल्यावर, पंक्चरसाठी टायर डिस्कवरून उतरविल्यावर, व एरवी दर १०,००० किलोमीटरच्या सुमारास तोल पाहून घ्यावा. शेतातून गाडी बाहेर काढली की डिस्कच्या आतील चिखल त्याच दिवशी धुवावा. ओला असता तो पाण्याने निघतो, वाळल्यावर छिन्नी लागते. ट्रॅक्टरचा वेग मंद असल्यामुळे त्यास बहुधा हे यंत्र लागत नाही. तेथे दोन्ही बाजूंच्या टायरांतील हवा, व पाणी भरले असल्यास तेही, सारखे राखावे.

थरथरणाऱ्या चाकाने टायर ठिकठिकाणी खड्डे पडून झिजते, बेअरिंग व सांधे लवकर खिळखिळे होतात, आणि रात्रभर स्टिअरिंग धरून बसलेल्या आपल्या पोराचे हात शिणतात. तेव्हा आधी पाहावे, टिपून ठेवावे, व मगच पैशाच्या पिशवीस हात घालावा, एवढीच आमची आपल्या बंधूंस विनंती आहे.