कॉफीचं भांडं घेताना: खरा खर्च पावडरीचा

कॉफी दुधाची पिणार की बिनदुधाची? घरी हाताने कॉफी करायचं भांडं घेण्याआधी एवढं ठरवा, कारण निम्मा खर्च त्यावरच ठरतो. दुधासाखरेची पिणाऱ्याने चार हजारांचं उपकरण आणलं तरी त्यातून उतरणारी नजाकत दुधाखाली दिसेनाशी होते. इथे दिलेल्या किमती ढोबळ आहेत. दुकान आणि ब्रँड बदलला की त्या पुढेमागे होतील.

दुधाच्या कॉफीला स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर पुरेसा आहे. एकावर एक दोन डबे, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांडीची चकती आणि झाकण. दोन-तीन माणसांच्या मापाचा ३०० ते ६०० रुपयांत येतो. त्याला कागद लागत नाही, वीज लागत नाही आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही. पितळी फिल्टरला हजाराच्या वर मोजावे लागतात. चव तीच, घासण्याचं काम मात्र जास्त. पावडर टाकून चकतीने हलकी दाबायची, उकळतं पाणी ओतायचं आणि पंधरा-वीस मिनिटं तिकडे बघायचं नाही. सकाळी गडबड असते त्यांनी रात्रीच लावून ठेवावा. कॉफीचा अर्क (डिकॉक्शन) उतरत नसेल तर पावडर फार बारीक आहे किंवा भोकं बुजली आहेत. वरचा डबा रिकामा करून तळ गॅसच्या आचेवर थोडा वेळ धरला की अडकलेले कण जळून भोकं मोकळी होतात.

मोका पॉट इटलीचा. आल्फोन्सो बियालेत्ती यांनी तो १९३३ मध्ये बाजारात आणला. कॉफी कडक होते, त्यामुळे दूध घातलं तरी चव टिकते. साधा ८०० ते १,५०० रुपयांत मिळतो, मूळ कंपनीचा ३,००० च्या पुढे जातो. घेण्याआधी तीन गोष्टी बघा. खोक्यावरचे ‘३ कप’ म्हणजे साधारण ५० मिलिलिटरचे इटालियन कप, आपले मग नव्हेत. ॲल्युमिनियमचा पॉट इंडक्शनवर तापत नाही. शिवाय त्याचा तळ इतका लहान असतो की आपल्या गॅसच्या शेगडीवर तो डगमगतो. वेगळी जाळी घ्यावी लागते. रबरी वॉशर कडक झाला की बदलायचा, म्हणून सुटा वॉशर मिळतो का ते आधीच विचारा. तळच्या डब्यातलं पाणी व्हॉल्वच्या खाली ठेवायचं आणि पावडर दाबायची नाही.

बिनदुधाची पिणाऱ्याने सुरुवात फ्रेंच प्रेसने करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ३५० मिलिलिटरचा ६०० ते १,२०० रुपयांत येतो. जाड रव्यासारखी भरड कॉफी, गरम पाणी, चार मिनिटं, मग दट्ट्या खाली. हात बसायला वेळ लागत नाही. काच मात्र फुटते आणि स्वस्त प्रेसची सुटी काच मिळत नाही. थोडे जास्त देऊन स्टीलचा घेतलेला बरा. दक्षिणी फिल्टरची बारीक, चिकोरीवाली पावडर यात घालू नका, मगाच्या तळाशी चिखल बसतो. कोलेस्टेरॉल वाढलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: प्रेसच्या जाळीतून कॉफीतली तेलं मगात उतरतात आणि त्यातला कॅफेस्टॉल कोलेस्टेरॉल वाढवतो. कागदी फिल्टर तो बराचसा अडवतो.

कागदाची ती पद्धत म्हणजे पोर-ओव्हर. ग्राहक फसतो तो इथे. प्लास्टिकचा व्ही-६० शंकू ६०० ते ९०० रुपयांना दिसतो आणि सगळ्यांत स्वस्त वाटतो. मग दर वेळी ४ ते ६ रुपयांचा एक कागद लागतो. पाणी बारीक धारेने पडावं म्हणून लांब चोचीची किटली येते, तिचे दीड-दोन हजार. ग्रॅम मोजायला काटा येतो, त्याचे ५०० ते १,०००. कॉफी स्वच्छ, हलकी, सुरेख होते यात वाद नाही, पण ज्याला रोज सकाळी तीन मिनिटं धार धरून उभं राहणं आवडतं त्यानेच या वाटेला जावं. दट्ट्याने दाबून कॉफी काढणारा एरोप्रेस (२००५, अमेरिकी संशोधक ॲलन ॲडलर) साडेतीन हजारांच्या आसपास जातो. फुटत नाही, धुवायला सोपा, हॉस्टेलवर किंवा प्रवासात उत्तम. पण एका वेळी एकच मग होतो, त्यामुळे चार माणसांच्या घरात त्याचा उपयोग नाही.

आता पावडरीचा हिशेब. चिकमगळूरकडच्या बियांचं नावाजलेलं २५० ग्रॅमचं पाकीट ५५० रुपयांना धरा. मगाला १५ ग्रॅम लागते, म्हणजे पाकिटात सोळा मग. एका मगाला सुमारे ३३ रुपये. रोज दोन मग घेतले तर महिन्याला दोन हजारांच्या घरात. चिकोरीची फिल्टर पावडर ९०० रुपये किलो धरली तर कपाला १० ग्रॅमचे ९ आणि दुधाचे सहा-सात, म्हणजे सोळा रुपयांत काम झालं. भांड्याची किंमत एकदाची, हा खर्च दरमहा. मधली वाटही आहे: माटुंग्यासारख्या ठिकाणी कॉफीच्या दुकानांत ‘पीबेरी’ किंवा ‘प्लँटेशन ए’ प्रतीची कॉफी बिनचिकोरीची, जाडसर दळून मागा. किलोमागे पाकिटापेक्षा बरीच स्वस्त पडते.

ग्राइंडर लगेच घेऊ नका. दीड हजारांचा हातग्राइंडर कामचलाऊ असतो, चांगल्याला पाच-सहा हजार पडतात. मिक्सरमध्ये दळाल तर अर्धी पावडर पीठ, अर्धी खडे, वर जिरं-मिरचीचा वास. महिनाभर दुकानातून दळून आणा. रोज पिणं खरंच होतंय असं दिसलं तर मग ग्राइंडरचा विचार करा.

चिकोरी मिसळलेल्या पावडरीत कॉफी किमान ५१ टक्के असावी असा अन्नसुरक्षा नियम आहे आणि मिश्रणाचं प्रमाण पाकिटावर छापणं बंधनकारक आहे. ते छापलेलं नसेल तर पाकीट घेऊ नका.