दाते मोजा, मग पाना उचला

व्यापारी व कारीगर बंधूंनो, यावेळचा धडा आम्ही एका खेळण्यापासून सुरू करीत आहोत. हसू नका. शेवट मागावरच होणार आहे.

गेल्या ईदला आमच्या पुतण्याला रिमोटवर चालणारा ट्रक मिळाला. घरातल्या फरशीवर तो भरधाव पळे. पण दुकानासमोरच्या चढावर, मागच्या हौद्यात सुताचे दोन कोन ठेवले की निम्म्या वाटेत थांबे आणि मोटार तापे. "चाचा, हा दम टाकतोय, मोठी मोटार घालू या," असे पोराचे म्हणणे. आम्ही म्हटले, आधी उघडून पाहू.

आत मोटारीच्या दांड्यावर १० दात्यांचे छोटे चाक होते आणि ते ५० दात्यांच्या मोठ्या चाकाला फिरवीत होते. म्हणजे मोटारीचे ५ फेरे झाले की मोठ्या चाकाचा १ फेरा. मोडक्या खेळण्यांच्या डब्यात ८ दात्यांचे चाक सापडले. ते बसवले की ५० भागिले ८, म्हणजे सव्वासहा फेऱ्यांना एक फेरा. वेग पाचव्या हिश्शाने घटला, पण ओढण्याची ताकद चौथ्या हिश्शाने वाढली. ट्रक कोनांसकट चढ चढला. पैसा एकही लागला नाही.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागल्या. पहिली, दात्यांचे माप एकच हवे. चाकाचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि दात्यांच्या संख्येत २ मिळवून त्याने भागा. आमचे मोठे चाक २६ मिलिमीटरचे, भागिले ५२, उत्तर अर्धा. नवे छोटे चाक ५ मिलिमीटरचे, भागिले १०, उत्तर पुन्हा अर्धा. उत्तर जुळले तरच चाके एकमेकांत बसतात. दुसरी गोष्ट, छोटे चाक आणखी लहान झाले की मोटार जवळ आणावी लागते. येथे अर्धा मिलिमीटर आणावी लागली. स्क्रूची भोके बारीक गोल कानशीने लांबट केली, दोन्ही चाकांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटार दाबून धरली, स्क्रू आवळले आणि पट्टी काढून घेतली. कागदाएवढी फट राहिली की दाते अडकत नाहीत आणि घासतही नाहीत.

यातला कायदा एवढाच: वेग घ्याल तर ताकद द्याल, ताकद घ्याल तर वेग द्याल. दोन्ही एकदम कोणतेही चाक देत नाही.

आता कोल्हापूरहून इचलकरंजीला चला. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला. आज शटललेस माग वाढले असले, तरी साध्या मागावर रोजी कमावणारे अजून आहेत. त्यांच्या शेडमध्येही हाच कायदा चालतो.

समजा मोटार मिनिटाला ९६० फेरे घेते, तिची पुली ३ इंच आणि मागाची १८ इंच आहे. ९६० गुणिले ३ भागिले १८, म्हणजे मागाचे १६० फेरे. एका फेऱ्याला धोटा एकदा जातो, म्हणजे एक पिक. ५२ पिकाच्या कापडाला, माग शंभरातील ८० मिनिटे चालला, तर आठ तासांत सुमारे ३० मीटर कापड निघते. पट्ट्याच्या घसरणीने थोडे कमीच धरा.

कोणी सल्ला देतो, मोटारीची पुली साडेतीन इंचाची करा, माग १८७ वर पळेल. खर्च किरकोळ, हे खरे. पण वेग सहाव्या हिश्शाने वाढला की धोट्याला बसणारा मार एकतृतीयांशाहून अधिक वाढतो. जुन्या मागाचे पिकर, पट्ट्या आणि कच्चे सूत तो मार सोसत नाहीत. सूत तुटू लागले आणि माग ८० ऐवजी ६८ मिनिटेच चालला, तर १८७ वरही कापड तेवढेच निघते, जेवढे १६० वर निघत होते. मागाची झीज आणि कामगाराची दमछाक वेगळी. म्हणून पुली बदलण्याआधी आठवडाभर माग किती वेळा व कशाने बंद पडतो, ते पाटीवर लिहा. तुटच जास्त असेल तर आधी तूट थांबवा, पुलीला हात लावू नका.

दुसरा बदल कापड ओढणाऱ्या चाकांचा, म्हणजे टेक-अपचा. येथे आम्ही स्वतः ठेच खाल्ली, ती सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका खर्चीवाल्याकडे आमचे ५२ पिकाचे कापड चालू होते. गिऱ्हाइकाने ५६ पिक मागितले. आम्ही फोनवर सांगितले, "चेंज व्हीलचे चार दाते वाढवा." आमच्या डोक्यात सात चाकांचा टेक-अप होता. त्यात स्टँडर्ड व्हील ३६ दात्यांचे असेल, तर चेंज व्हीलला जितके दाते तितके इंचात पिक. ५२ चे ५६ केले की काम झाले. पण त्या शेडमधले माग पाच चाकांचे होते. तेथे हिशेब उलटा असतो. दाते वाढले की कापड जलद ओढले जाते आणि पिक कमी होतात. जॉबर नवा होता, त्याने सांगितले तसे केले. ३९ चे ४३ झाले आणि तागे उतरले ते ४७ पिकाचे.

चूक आमची होती. खर्चीवाल्याला ठरलेली मजुरी पूर्ण दिली. मजुरी पिकावर ठरते, तेव्हा कमी पिकाची मजुरी कापण्याचा मोह झाला, हे कबूल करतो. पण त्याने आमचाच हुकूम पाळला होता. माल ५६ म्हणून खपवा, असेही कोणी सुचवले. आम्ही ताग्यांवर ४७ लिहून ४७ च्या भावाने विकला. त्या खेपेत तोटा झाला, पण गिऱ्हाईक आजही आमच्याकडे येते.

त्यानंतर पाठ केलेला हिशेब असा:

सात चाकांच्या टेक-अपला, जुने दाते गुणिले नवे पिक भागिले जुने पिक.

पाच चाकांच्या टेक-अपला, जुने दाते गुणिले जुने पिक भागिले नवे पिक. आमच्या बाबतीत ३९ गुणिले ५२ भागिले ५६, म्हणजे ३६ दाते लावायला हवे होते. वाढवायचे सोडाच, तीन कमी करायचे होते!

चाक बदलताना मेन स्विच बंद करून फ्यूज काढून खिशात ठेवा. बाह्या वर घ्या. ट्रकमध्ये भोके कानसावी लागली, मागात ती सोय आधीच आहे. चाकाचा स्टड खाचेत सरकतो. कागदाची पट्टी घालून तो तसाच आवळा. हवे ते चाक बाजारात न मिळाले तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात कापून घेता येते. टर्नरकडे जुने चाक आणि ज्याच्याशी ते जुळायचे ते चाक, दोन्ही न्या. तोंडी मापावर चाक कापून घेऊ नका. बदल झाल्यावर गार्ड परत बसवा.

मग आधी फक्त एक मीटर विणा. कापड मागावर ताणलेले असते, म्हणून ते सैल करून पिक ग्लासने पाच ठिकाणी मोजा. हिशेबाशी जुळले तरच पुढचे बीम चालू द्या. प्रत्येक मागावर रंगाने दोन आकडे लिहून ठेवा: टेक-अप किती चाकांचा आणि आज किती दाते लावलेत. जॉबर बदलला तरी आकडा राहतो.

एक शेवटची गोष्ट. दात्याचा हा हुनर दोन्ही बाजूंनी चालतो. ५२ ठरवून ५० विणले तर आडव्या सुतात शंभरामागे चार वाचतात आणि डोळ्याला फरक दिसत नाही. पण कापड घेणाऱ्याच्या खिशातही पिक ग्लास असतो. ज्याचा तागा एकदा कमी भरला, त्याचा प्रत्येक तागा मग मोजला जातो. चाक दोन दात्यांनी बदलायला अर्धा तास पुरतो. गेलेला भरवसा परत आणायला आम्ही लोकांची उमर जाताना पाहिली आहे.